भावाची गाणी आणि सुरू न होणारा लॅपटॉप

आवाजाची जपणूक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, माझा धाकटा भाऊ २०१५ पासून वऱ्हाडीत रॅप करतो. आम्ही अमरावती जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. कुठल्याही कंपनीशी त्याचा करार नाही. बीट, म्हणजे मागे वाजणारं संगीत, कधी मित्राची, कधी नेटवरून घेतलेली. अशी ४३ गाणी झाली. त्यातली २९ यूट्यूबवर आहेत, काही नुसती रील म्हणून टाकली, काही कुठेच टाकली नाहीत. गेल्या महिन्यात त्याचा जुना लॅपटॉप सुरू व्हायचा बंद झाला. तो म्हणतो, "सारं यूट्यूबवर हाये ना, तू कायले डोकं लावतं?" मला मात्र चैन पडत नाही. मला संगीतातलं काही कळत नाही. मी पतसंस्थेत हिशेब लिहिते. मी यात काय करू शकते?

उत्तर : ताई, आधी लॅपटॉपचं बोलते, कारण तिथे घाई आहे. सुरू होत नाही म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबत बसू नका. दुरुस्तीला न्याल तेव्हा दुकानदाराला पहिलं वाक्य हेच सांगा : "विंडोज मारायची नाही, आतला डेटा हवाय." आपल्याकडे मशीन अडलं की फॉरमॅट करून नवं विंडोज टाकून देणं हा ठरलेला इलाज. लॅपटॉप चालू होऊन हातात येतो आणि दहा वर्षांचं काम गेलेलं असतं. लॅपटॉप बंद पडला म्हणजे डिस्क गेली असं नसतं. पुष्कळदा दुखणं बोर्डाचं, चार्जिंगचं किंवा रॅमचं निघतं. डिस्क बाहेर काढायची, केसिंगमध्ये घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावायची आणि आत असेल ते झाडून सगळं उतरवून घ्यायचं. निवडानिवड नंतर. डिस्कमधून टक्‌ टक्‌ असा ठेक्यात आवाज येत असेल तर मात्र तिथेच थांबा आणि डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे जा. तशी डिस्क जितकी फिरवाल तितकी आतून खरवडली जाते.

आता तुमच्या भावाचं म्हणणं. यूट्यूबवर गाणं आहे हे खरं. पण त्याने चढवलेला आवाज तिथे दाबून लहान केला जातो, आणि मूळ वेव्ह फाइल, म्हणजे न दाबलेला पूर्ण आवाज, तिथून परत मिळत नाही. यूट्यूब स्टुडिओमधून स्वतःचा व्हिडिओ उतरवला तर ७२० पी किंवा त्याहून कमी दर्जाचा हाती येतो. त्यापेक्षा गूगल टेकआउट ही गूगलचीच डेटा मागवण्याची सोय वापरा. त्यातून अख्खं चॅनेल एकदम मागवता येतं, शीर्षकं आणि वर्णनांसकट. हे आजच करा, कारण चॅनेल ज्या मोबाइल नंबरला बांधलंय तो नंबर सुटला की ओटीपी भलत्याच माणसाकडे जातो. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला दिला जातो, हे कुणाच्या लक्षातच नसतं.

आणि कंपनी मोठी आहे म्हणून माल सुरक्षित, असंही नाही. मायस्पेस ही वेबसाइट एकेकाळी होतकरू गायकांची हक्काची जागा होती. मार्च २०१९ मध्ये त्यांनी कबूल केलं, की सर्व्हर बदलताना २०१५ पूर्वीच्या बारा वर्षांतली गाणी गेली. त्या वेळच्या बातम्यांत पाच कोटी गाणी हा आकडा आला होता. पुढे इंटरनेट अर्काइव्ह या नेटवरच्या जुन्या गोष्टी जपणाऱ्या संस्थेला त्यातली जेमतेम ४ लाख ९० हजार परत मांडता आली, तीही कुणीतरी आधी अभ्यासासाठी उतरवून ठेवली होती म्हणून. अमेरिकेतल्या रॅपर्सनी ज्या डॅटपिफवर वर्षानुवर्षं मिक्सटेप फुकट टाकल्या, ती साइट २०२३ मध्ये कोलमडली. आपल्याकडे २९ जून २०२० ला टिकटॉकसह ५९ अ‍ॅप बंद झाली. गावोगावच्या पोरांनी पंधरा-पंधरा सेकंदांत जे म्हटलं होतं ते त्या रात्रीनंतर त्यांनाच दिसेना. गाणी ऐकायच्या साधनांपैकी २०२४ मध्ये आधी रेसो गेलं, मग विंक. भावाच्या ज्या गाण्यांची फक्त रील आहे ती सगळ्यांत आधी उतरवा.

यात माझाही एक जुना अपराध आहे, तो सांगते. २००५ साली पुण्यातल्या एका वस्तीतल्या भीमगीतांच्या गायन पार्टीने त्यांच्या ३८ कॅसेट माझ्याकडे आणल्या, डिजिटल करून द्या म्हणून. एकेक कॅसेट साठ मिनिटांची. वेव्हमध्ये ठेवलं असतं तर कॅसेटमागे एक सीडी लागली असती. मी एवढ्या सीडींचा खर्च नको म्हणून १२८ केबीपीएसचं, म्हणजे बरंच दाबलेलं, एमपीथ्री केलं आणि ३८ तासांचं गाणं चार सीडींत बसवलं. सगळे खूश झाले. कॅसेट परत गेल्या आणि पुढे एका पावसाळ्यात घरात पाणी शिरून खराब झाल्या. आता जे आहे ते माझं एमपीथ्रीच. ढोलकीची थाप ऐकू येते, पण झांज वाजली की आवाज पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो. ती झांज मी कापून टाकली, आणि ती आता कशानेच परत येत नाही.

याहून जास्त सलते ती दुसरी गोष्ट. त्या सीडींवर मी लिहिलंय : "पार्टी, कॅसेट ७, साइड ए." बस. सातव्या कॅसेटवर मुख्य गायकाच्या मागे एक बाई तिसऱ्या कडव्याला वरच्या पट्टीत सूर उचलतात, आणि अंगावर काटा येतो. त्या बाई कोण, हे मला माहीत नाही. पेटीवाले काका तेव्हा माझ्या शेजारी बसून चहा पीत होते. मी नुसतं विचारलं असतं तरी नाव कळलं असतं. काका २०११ मध्ये गेले. नंतर ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांच्यापैकी कुणालाच आठवेना.

म्हणून ताई, तुम्ही हिशेब लिहिता हे वाचून मला फार बरं वाटलं. फाइल उतरवायला कुणीही मिळेल. हे काम नेटाने नोंद ठेवणाऱ्या माणसाचं आहे.

आपल्या परंपरेला नावाचं महत्त्व कळत होतं. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा येते, शाहीर शेवटच्या कडव्यात आपलं नि गावाचं नाव गुंफतो. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांनी ध्वनिमुद्रिका केल्या तेव्हा गाणं संपताच त्या स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारत, कारण तबकड्या बनायच्या जर्मनीत, आणि तिथल्या कारागिराला लेबलवर काय छापायचं ते कळायला हवं होतं. तुमचा भाऊही गाण्याच्या सुरुवातीला आपलं नाव घेत असेल, बीटवाल्याचा टॅग वाजत असेल. पण हूक, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारं धृपद, कुणी म्हटला, मिक्स कुणी केलं, मधेमधे टाकलेल्या आवाजांतला, म्हणजे अ‍ॅडलिबमधला तो हसण्याचा आवाज कुणाचा, हे गाण्यात कुठेच नसतं.

तेव्हा असं करा. गाण्यांच्या नोंदीचा एक तक्ता आखा. दर रविवारी भावाला घेऊन बसा. दिवसाला दोनच गाणी. गाणं एकदा पूर्ण ऐकायचं, मग फोनवर रेकॉर्डिंग चालू करून त्याला बोलतं करायचं. कधी लिहिलं? कुठे रेकॉर्ड केलं? कपाटात वाकळ लावून, इयरफोनच्या माइकवर केलं असेल तर तसंच लिहा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने २०१४ मध्ये पहिलं गाजलेलं गाणं आयपॅडवर केलं होतं. बीट कुणाची, विकत की फुकट, पावती आहे का? गाण्यात ज्याच्यावर रोख आहे तो कोण? कुठली ओळ आधी वेगळी होती, आणि का बदलली?

शब्दांना विशेष वेळ द्या. तुमच्याकडे धुरा म्हणजे वावराचा बांध. पुण्या-मुंबईच्या माणसाला धुरा म्हटलं की जबाबदारी आठवते. तुमच्या भावाने एखाद्या ओळीत "बापाची धुरा" म्हटलं असेल आणि त्यात दोन्ही अर्थ खेळवले असतील, तर ते त्याच्याशिवाय कोण सांगणार? पऱ्हाटी, डवरणी, इसार हे शब्द पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला तुमच्या वहीतूनच कळतील.

त्याच्या वह्या टाकू देऊ नका. प्रत्येक पानाचा दिवसाउजेडी सरळ वरून फोटो घ्या. खाडाखोड, कडेला लिहिलेले यमकाचे पर्याय, मागच्या पानावरचा दुकानाचा हिशेब, सगळं येऊ द्या. नीट टाइप केलेली प्रत वेगळी करा, पण ती वहीच्या जागी नव्हे, वहीच्या जोडीला. मोबाइलमधल्या नोट्स आणि रात्री दोनला मित्राला पाठवलेल्या व्हॉइस नोटही उतरवा. त्या आहेत तशाच ठेवा, त्यांचं एमपीथ्री करायला जाऊ नका.

आता एका गाण्याचं काय काय जपायचं. अंतिम मास्टर, म्हणजे पूर्ण तयार झालेलं गाणं, वेव्हमध्ये, शक्यतो २४ बिट ४८ किलोहर्ट्‌झ, पण मूळ १६ बिट ४४.१ असेल तर तीच ठेवा. आकडा फुगवल्याने दर्जा वाढत नाही. मूळ वेव्ह हरवून फक्त एमपीथ्री उरलं असेल तर त्यालाच मूळ प्रत समजा आणि तसं लिहून ठेवा. मग बिनशब्दांची बीट. मग स्टेम्स, म्हणजे आवाज, डबल, अ‍ॅडलिब, किक, स्नेअर, बेस असे सुटे ट्रॅक, सगळे गाण्याच्या शून्य सेकंदापासून काढलेले, म्हणजे पुढे कुणीही एकाखाली एक ठेवले की आपोआप जुळतात. आणि प्रोजेक्ट फाइल. भाऊ एफएल स्टुडिओ हे गाणी बनवायचं सॉफ्टवेअर वापरत असेल तर एक गोष्ट बघा. त्याची प्रोजेक्ट फाइल सॅम्पल, म्हणजे गाण्यात वापरलेले आवाजाचे तुकडे, स्वतःच्या पोटात ठेवत नाही, ते डिस्कवर कुठे आहेत एवढंच लक्षात ठेवते. दुसऱ्या मशीनवर उघडली की अर्धे आवाज गायब. म्हणून एक्सपोर्टमध्ये झिप्ड लूप पॅकेज म्हणून पर्याय आहे, तो वापरून एकत्र गाठोडं करा. तरी आज चालणारं प्लगइन दहा वर्षांनी चालेलच असं नाही, त्यामुळे स्टेम्सना पर्याय नाही.

जागेची काळजी नको, हिशेबच मांडू. २४ बिट ४८ किलोहर्ट्‌झला स्टीरिओचं एक मिनिट साधारण १७ एमबी. साडेतीन मिनिटांचं गाणं ६० एमबी. ४३ गाण्यांचे मास्टर अडीच-पावणेतीन जीबी. प्रत्येक गाण्याचे वीस मोनो स्टेम धरले तरी गाण्यामागे ६०० एमबी, म्हणजे २६ जीबी. तुमच्या भावाचं दहा वर्षांचं अख्खं काम ३० जीबीच्या आत बसतं. आणखी लहान हवं असेल तर फ्लॅक या प्रकारची फाइल करा, आकार निम्म्याच्या आसपास येतो आणि आवाजातलं काही जात नाही.

प्रती तीन करा. दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या गावी. एक बाहेरची हार्ड डिस्क घरी, एक क्लाउडवर, एक डिस्क मावशीकडे वर्ध्याला म्हणा किंवा कुठेही. पेनड्राइव्ह फक्त ने-आण करायला. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवायचीच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मग ती दाबली जात नाही. फाइलचं नाव रोमन अक्षरांत, आधी वर्ष, मग महिना, मग गाणं. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल पक्कं' अशी नावं दिसतील, त्यातली प्रत्येक ऐकून कुठली प्रत यूट्यूबवर गेली ते नोंदवा, पण बाकीच्या पुसू नका. प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे कॉम्प्युटर त्या फाइलवरून काढतो तो आकडा, काढून तुमच्या तक्त्यात एका रकान्यात लिहा. हा त्या फाइलचा अंगठ्याचा ठसा. दिवाळीच्या साफसफाईला डिस्क लावायची, ठसा पुन्हा काढायचा. जुळला तर फाइल धड आहे. नाही जुळला तर दुसऱ्या प्रतीवरून बदलायची. पतसंस्थेत शिल्लक जुळवता तसंच हे.

पहिली पाच गाणी झाली की मला तक्ता पाठवा, मी बघून देईन.

प्रश्न : मॅडम, मी पिंपरीत बीट बनवतो. २०१८ पासून एका रॅपरसोबत ११ ट्रॅक केले. मध्यंतरी आमचं बिनसलं. आता तो म्हणतो, "सगळं नीट अर्काइव्ह करतोय, स्टेम्स दे." आमच्यात कागद काही झालेला नाही. द्यावेत का? आणि ही गाणी नक्की कुणाची?

उत्तर : भाऊ, गाण्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमच्यातला निम्मा गोंधळ त्या एकत्र केल्याने झालाय. शब्द त्याचे. संगीत, म्हणजे तुमची चाल आणि बीट, तुमचं. आणि झालेलं रेकॉर्डिंग ही तिसरी गोष्ट. तिचा मालक कायद्याने तिचा 'प्रोड्युसर'. इथे बरेच जण फसतात, कारण तुमच्या दुनियेत प्रोड्युसर म्हणजे बीट बनवणारा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रोड्युसर म्हणजे ते रेकॉर्डिंग घडवून आणण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. स्टुडिओचं भाडं कुणी दिलं, मिक्सचे पैसे कुणी भरले, कुणी ठरवलं की हे गाणं करायचं, यावरून ते ठरेल. अकरापैकी काहींत तो असेल, काहींत तुम्ही, काहींत दोघं. एकेका ट्रॅकसाठी हे आठवून लिहा.

तोंडी "घे रे भावा, तुझीच बीट" म्हटल्याने हक्क जात नाही. हक्क द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी लागतो. आणि कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं, शब्द आणि संगीतावरचा ते रचणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. म्हणजे तुमची भांडणं मिटून नातवंडं मोठी होईपर्यंत हे चालणार आहे.

माझं मत विचाराल तर स्टेम्स द्या. पण साधा एक पानी कागद करून द्या. ह्या प्रती फक्त जतनासाठी. दोघांकडेही पूर्ण संच राहील. रीमिक्स, जाहिरात, पुन्हा प्रकाशन, काहीही करायचं तर दोघांची सही. दोघांपैकी एक नसेल तर त्याच्या वतीने कोण बोलेल, त्याचं नाव. हे शेवटचं कलम लिहिताना पोरं हसतात. मुंबईच्या स्वदेसी या बहुभाषिक रॅप गटातला एमसी तोडफोड हा रॅपर २०२२ मध्ये वारला तेव्हा अवघ्या २४ वर्षांचा होता. तुमचं वय मला माहीत नाही, पण कागदाला वय लागत नाही.

त्याच कागदावर प्रत्येक ट्रॅकचा आयएसआरसी लिहून टाका. बारा अक्षर-आकड्यांचा तो क्रमांक म्हणजे रेकॉर्डिंगची ओळख असते. तुमची गाणी ऑनलाइन पोचवणाऱ्या वितरकाने दिला असेल तर त्याच्या डॅशबोर्डवर दिसेल, तिथून आत्ताच उतरवून घ्या. बरेच वितरक वर्षाच्या वर्गणीवर चालतात, वर्गणी थांबली की गाणी उतरवली जाऊ शकतात आणि मग डॅशबोर्डही दिसत नाही. रॉयल्टीसाठी शब्द-संगीताची नोंद आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेकडे, तीही दोघांनी आपापली करा.

नेटवरून घेतलेली बीट एखाद्या ट्रॅकमध्ये असेल तर तिचा परवाना आणि पावती पीडीएफ करून गाण्याच्याच फोल्डरमध्ये ठेवा. टाइप बीट, म्हणजे एखाद्या कलाकाराच्या ढंगातली तयार बीट, विकणाऱ्यांची पानं रातोरात नाहीशी होतात आणि मग तुम्ही पैसे दिले होते हे दाखवायला काही उरत नाही.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आमच्याच एका माजी विद्यार्थ्याची मराठी रॅपची गाणी आणि साहित्य आम्ही ग्रंथालयात ठेवावं असं मनात आहे. सहकारी म्हणतात, हे ग्रंथालयाचं काम नव्हे. सगळं इंटरनेट अर्काइव्हवर टाकून मोकळं व्हावं का?

उत्तर : सहकाऱ्यांना सांगा, रॅप ज्यातून आलं त्या हिप-हॉपचा संग्रह हार्वर्ड विद्यापीठाने २००२ मध्ये उभारला आणि कॉर्नेल विद्यापीठाने २००७ मध्ये. पण त्यापेक्षा जवळचं उदाहरण द्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. तेव्हाही कुणीतरी म्हटलंच असेल, की बायका दळताना गुणगुणतात ते काय गोळा करायचं. आज तो संग्रह ग्रामीण भारताविषयीच्या 'पारी' या वेबसाइटवर आहे, आणि ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव आहे, म्हणून त्याला किंमत आहे.

इंटरनेट अर्काइव्हवर जरूर टाका, पण टाकून मोकळं होऊ नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये हल्ला झाल्यावर ती साइट कित्येक दिवस नीट चालत नव्हती. शिवाय तिथे गेलं ते जगजाहीर. ज्या गाण्यात दुसऱ्याची बीट किंवा सिनेमातला तुकडा आहे ते तिथे नको, ते ग्रंथालयात बसून ऐकण्यापुरतं ठेवा.

विद्यार्थ्याकडून लेखी देणगीपत्र घ्या : काय दिलं, कुणाला ऐकता येईल, केव्हापासून, आणि हक्क त्याच्याकडेच राहिलेत. गाण्यांसोबत पोस्टर, सायफरचे, म्हणजे रॅपर जमून आळीपाळीने रॅप करतात त्या बैठकांचे व्हिडिओ, कार्यक्रमाचे पास, बातम्यांची कात्रणंही मागा. स्वदेसीने २०१९ मध्ये आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासोबत मुंबईतल्या आरेच्या जंगलावर 'वारली रिव्होल्ट' केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एका रात्रीत तिथली झाडं तोडायला घेतली गेली. हे कात्रण शेजारी नसेल तर ४० वर्षांनी ऐकणाऱ्याला त्या गाण्यातला राग कुठून आला ते उमगणार नाही. तुमच्या विद्यार्थ्याच्या गाण्यात कारखाना असेल, बंद पडलेली एसटी असेल, कुठली निवडणूक असेल. त्या महिन्याचं स्थानिक वर्तमानपत्र तर तुमच्याच ग्रंथालयात बांधून ठेवलेलं आहे.

प्रश्न : ताई, माझा मुलगा नाशिकला कॉलेजात असताना रॅप करायचा. आता त्याला चांगली नोकरी आहे, लग्नाचं बघतोय. सुरुवातीच्या गाण्यांत शिव्या आहेत, एका मुलीविषयी वाईट बोललेलं आहे. तो सगळं डिलीट करणार म्हणतो. मला त्यातली काही गाणी फार आवडतात. गुपचूप एक प्रत काढून ठेवू का?

उत्तर : गुपचूप नको, ताई. गाणी त्याची आहेत.

तुम्ही त्याच्याशी बोला, आणि बोलताना दोन गोष्टी सुट्या करा. लोकांसमोरून काढणं एक आणि पुसून टाकणं दुसरं. चॅनेलवरून गाणी आज उतरवायला काहीच हरकत नाही. ज्या मुलीविषयी ते शब्द आहेत, तिच्यासाठी तर ते उतरायलाच हवेत, त्यात लग्नाची वाट बघायची गरज नाही. पण घरच्या डिस्कवर, बंद फोल्डरमध्ये, पासवर्ड फक्त त्याच्याकडे, अशी एक प्रत राहू शकते. त्याला सांगा, की उघडायचं की नाही ते तू चाळिशीत ठरव. त्याला हवं तर तेवढं एक गाणं वगळू दे. तुम्हाला आवडणारी गाणी कुठली, ते त्याला नावं घेऊन सांगा, त्यातली ओळ म्हणून दाखवा. आईने ती ऐकली आहेत हेच बहुधा त्याला माहीत नसेल.

माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी एक मुलगा असंच सगळं पुसायला निघाला होता. मी त्याला एका दुपारी स्टुडिओत बसवून सगळी १७ गाणी सलग ऐकवली. सोळा त्याने ठेवली. सतराव्याचं नाव तक्त्यात आहे, तारीख आहे, आणि पुढच्या रकान्यात त्याच्याच अक्षरात लिहिलंय : "कलाकाराने स्वतः काढून टाकलं." त्याची प्रत माझ्याकडे नाही.

तुमचा मुलगा एवढं बोलणं होऊनही नाही म्हणाला, तर नाही.